सहा पस्तीसचा मुहूर्त

“संध्याकाळी सहा पस्तीस... गोरज मुहूर्त हाय,” अनितानं फोनवर सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज तसूभरही हलला नाही!

समोर देव्हाऱ्यात समई तेवत होती, मांडीवर लेकीच्या हळदीसाठी निवडलेली हळकुंडं होती, आणि अशा मंगल घटकेला, कुलदैवताच्या डोळ्यांदेखत, ती आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला धडधडीत खोटं सांगत होती. तेजलच्या लग्नाचा खरा मुहूर्त होता दुपारी बारा पस्तीसचा. सोमाटण्यातल्या शेंबड्या पोरालाही तो पाठ झाला होता. ठाऊक नव्हता तो एकट्या आदिनाथला, आणि नसावा अशीच तजवीज अनितानं केली होती. “मामाला निमंत्रण मी देणार. तू मधी पडायचं न्हाई,” असं तिनं तेजलला आधीच बजावून ठेवलं होतं.

पलीकडं, पार न्यूझीलंडात, ऑकलंड नावाच्या शहरात बसलेला आदिनाथ सावकाश म्हणाला, “सहा पस्तीस. बरं आक्का. तू सांगितलेल्या वेळेला हजर होतो. रविवारी सकाळी माझं विमान मुंबईत उतरतंय.”

“ये बाबा! मामा हाईस तू नवरीचा. तुझ्याबिगर पोरीला बोहल्यावर कोण आणणार?” असं म्हणून अनितानं फोन ठेवला आणि ती हसली... नवरीच्या आईच्या तोंडावर असलं हसू कुणी बघितलं असतं, तर त्यानं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या असत्या!

सकाळी उतरणार, सामान घेऊन बाहेर पडणार, रविवारच्या गर्दीत बोरघाटात अडकणार. म्हणजे सोमाटणे फाट्यावरच्या कार्यालयात हा पोचेपर्यंत तीन तरी वाजतील. तोवर अक्षता पडलेल्या असतील, पंगती उठलेल्या असतील, मांडववाला खुर्च्या एकात एक घालत असेल, आणि हा परदेशी साहेब नवा पोशाख घालून दारात उभा राहील. मग जो तो विचारील, “आत्ता आलास व्हय, मामा?” त्या एका प्रश्नासाठी अनिता दोन वर्षं जळत होती.

आणि का जळू नये तिनं? बाप सोपानराव गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि वर्गात पहिली येत होती. आई रतनबाईच्या मजुरीवर दोघांचं शिक्षण होईना, तेव्हा तिनंच आपलं दप्तर माळ्यावर टाकलं आणि आंबीच्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहिली. रोज सकाळी सोमाटण्याहून आदिनाथला सायकलवर डबल सीट घेऊन ती घोरावाडी स्टेशनात सोडायची, पुण्याच्या गाडीत बसवायची, त्याचा डबा खिडकीतून आत द्यायची, आणि मग स्वतः उलटी आंबीची वाट धरायची. पोरगा इंजिनिअर झाला, सातासमुद्रापार गेला. गावात सत्कार झाला, तेव्हा ही मागं बायकांत उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि तिचं अंतःकरण असं भरून आलं होतं की जणू ती पदवी तिलाच मिळाली!

आणि त्याची परतफेड काय? आई गेली तेव्हा अनितानं त्याला फोन केला होता. तेजलला जवळ बसवून मोबाइलवर बघून घेतलं होतं, ऑकलंड ते मुंबई किती लांब ते. बारा हजार तीनशे किलोमीटर! मध्ये सिंगापूरला विमान बदलायचं, सगळं धरून वीस तास. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढं, त्याचाही हिशेब तिनं बोटांवर केला. वीस तास तर वीस तास! तिनं आईला बर्फाच्या लादीवर ठेवली. भावकी कुजबुजू लागली, “किती ताटकळत ठेवायची म्हातारीला? माती कवा द्यायची?” तरी ही सोमाटणे फाट्याकडं डोळे लावून उंबऱ्यात बसून राहिली. आणि वीस तास सरायला आले तेव्हा त्याचा फोन आला.

“आक्का, वाट बघू नका. वीस तास लागतात गं... मी नाही पोचणार.”

अरे, वीस तास लागतात हे काय त्याला वीस तास उलटल्यावर कळलं? शेवटी चुलतभाऊ अतुलनं खांद्यावर मडकं घेतलं, अतुलनंच अग्नी दिला. पोटचा पोरगा असून परक्यागत गेली रतनबाई! त्या दिवशी चितेच्या धगीत अनितानं मनाशी घोकलं, “आदू, तुला वीस तास लांब पडले न्हवं? असाच एक दिस येईल. तू धावत येशील, आणि तुझ्यासाठी कुणी थांबलेलं नसंल!”

तर असा तो दिवस आता उगवणार होता.

तिनं सगळी बारीक आखणी केली. आपल्या मावळात लग्न कधी वेळेवर लागलंय? नवरदेवाची वरात मारुतीपाशी तासभर नाचते, मग मांडवात आजी-माजी सरपंचांचे सत्कार, मग पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद, तोवर गुरुजी जांभया देऊन थकतात आणि बारा पस्तीसचं लग्न सुखानं दोनला लागतं. पण अनितानं सगळ्यांना सक्त ताकीद दिली. सत्कार नाहीत, भाषणं नाहीत, माइक फक्त मंगलाष्टकांना! व्याही रखमाजीरावांना हसू आवरेना. “विहीणबाई, मावळात टायमावर लगीन? लोकं जेवायला यायची तवर आपुन भांडी घासत असू!” पण ती हटली नाही. लोकांना वाटलं, बाई शिस्तीची. शिस्त कसली? एक मिनिट जरी मुहूर्त सरकला, तर तेवढी त्याला वाट मोकळी होईल, ही खरी धास्ती!

रविवार उजाडला. कार्यालयात सनई लागली. तेजल हिरव्या चुड्यात, मुंडावळ्या बांधून खोलीत बसली होती, आणि तिचे डोळे मात्र लाल झाले होते.

“आई, मामाचा फोन आला होता. म्हणाला विमानाला उशीर झालाय, वाट नका बघू.”

“मग? त्याला सवयच हाय ती,” अनिता तिच्या केसांत गजरा खोचत म्हणाली. आतून कसं गार गार वाटलं तिला! दैवसुद्धा आज तिच्या बाजूनं उभं होतं. “अतुलमामा हाय न्हवं? ज्यानं आज्जीला अग्नी दिला, त्योच तुला बोहल्यावर आणंल. त्याचाच मान त्यो.”

“मला माझा मामा हवाय गं...”

“तुझा मामा! मामा असा आकाशातनं फोन करत नसतो, तेजल. मामा जमिनीवर उभा लागतो.”

बोलून झालं आणि ती पडवीत आली. तिथं अतुलच्या डोक्यावर मामाचा भगवा फेटा चढत होता. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या अंबूबाईनं, रतनबाईच्या धाकट्या बहिणीनं, तो फेटा बघितला आणि काठी आपटली.

“हे काय? ह्याला कशापायी फेटा? आदिनाथ कुटं हाय?”

“न्हाई येत त्यो, मावशी.”

“न्हाई येत म्हंजे? रतनला शबुद दिलाय त्यानं!”

झालं! दोन वर्षं दाबून ठेवलेला वणवा एकदम भडकला. “शब्द?” अनिता कडाडली. अतुलचे हात फेट्यातच थांबले. “आईच्या मातीला यायला ज्याला वीस तास लांब पडले, त्याचा शब्द? ऐक मावशी, आज मीच त्याला चुकीची येळ सांगितलीया. सहा पस्तीस म्हणून सांगितलंय! येऊ दे आता, आणि बघू दे रिकामा मांडव. माझी आई त्याच्याबिगर गेली, माझी लेक त्याच्याबिगर जाईल! तवा कुटं माझं काळीज निवंल!”

अंबूबाई उठली. तिनं अनिताचं मनगट धरून तिला खांबाआड ओढलं.

“आगं वैरिणी... काय करून बसलीस हे! तुझ्या आयनं मला शपथ घातली व्हती. तेजलच्या लग्नात आदिनाथ मामा म्हून उभा राह्यला की मग अनिताला सांग, तवर तोंड उघडायचं न्हाई. आता त्यो उभाच ऱ्हात न्हाई, तर म्या कवा सांगू? वर गेल्यावर?”

“काय सांगायचंय?”

“त्याची नोकरी गेलती तवा! तितं ऱ्हायचा परवाना टांगणीला लागला व्हता. त्याला काय म्हणत्यात ते मला न्हाई कळत, पर तितनं पाय बाहेर टाकला आस्ता तर परत आत घेत नव्हते त्याला. रात्रीचा हाटेलात भांडी घासत व्हता तुझा इंजिनेर भाऊ! आय अंथरुणाला खिळली तसा म्हणाला, मरू दे परवाना, म्या येतो. तिकीट काडलं व्हतं त्यानं. म्या बसले व्हते रतनपाशी, माझ्यासमोर ती फोनवर बोलली.”

“काय... काय बोलली आई?”

“म्हणाली, पोरा, मी तर जाणारच. तू आलास तरी जाणार. पर तू सगळं सोडून आलास, तर माझ्या अनीचा जल्म मातीत गेला. तिनं साळा सोडली ती तू माघारी यायला न्हाई. पाय रोव आणि मंग ये, तेजलला बोहल्यावर आण. आणि अनीला ह्यातलं काय बी सांगायचं न्हाई.”

“का पण? मला का न्हाई?” अनिताचा आवाज चिरकला.

“म्या बी हेच इचारलं. तर म्हणाली, अंबू, रागावर माणूस जगतं. पर जल्माचं केलेलं वाया गेलं असं कळलं, तर आतनं खचतं. तिला राग करू दे. त्यो सोसंल... तरी तू फोन केल्यावर त्यो इमानतळावर गेलताच! ऐन येळेला आयची शपथ आठवून माघारी फिरला, आणि मंग तुला फोन केला. रडत व्हता लेकरू. मलाच सांगितलं त्यानं सगळं.”

अनिताच्या पायाखालची जमीन सरकली. दोन वर्षं! दोन वर्षं तिनं ज्याला शिव्याशाप दिले, राखीला ज्याचा फोन उचलला नाही, तो निमूटपणे तिचा द्वेष पोटात घालत राहिला, कशासाठी, तर तिचा त्याग फुकट गेला असं तिला वाटू नये म्हणून! आणि तिनं? तिनं त्याच्यासाठी सापळा रचला, देवासमोर बसून, लेकीच्या हळदीच्या साक्षीनं... “आई गं!” एवढंच तिच्या तोंडून फुटलं.

पण रडत बसायला वेळ कुठं होता? बाहेर वरातीचा बँड येऊन ठेपला होता. घड्याळात बाराला पाच कमी होते. तिनं फोन लावला.

“आदू... कुटं हाईस?”

“लोणावळ्यात, आक्का. स्टेशनापाशी बसलोय.”

देव पावला! लोणावळा म्हणजे हाकेच्या अंतरावर. बारा हजार किलोमीटर ओलांडून आलेल्याला पंचवीस-तीस किलोमीटर ते काय!

“ऊठ! निघ आत्ताच्या आत्ता! बारा पस्तीसला लगीन हाय!”

“पण तू तर म्हणालीस...”

“म्या काय म्हणाले ते मरू दे! ये तू... ये रं बाळा!”

फोन खाली ठेवून ती बाहेर आली, तर काय, नवरदेव मांडवात दाखल! वरात मारुतीपाशी नाचलीच नव्हती, कारण विहीणबाईंचा हुकूम होता ना, टायमावर यायचं! अनितानं कपाळावर हात मारला. स्वतःच लावलेलं कुलूप आता स्वतःलाच तोडायचं होतं. ज्या बाईनं मिनिटामिनिटाची नाकेबंदी केली होती, तिलाच आता तास चोरायचा होता!

ती तडक माइकवाल्याकडं गेली. “सत्कार सुरू करा.”

“अहो, तुमीच तर न्हाई म्हणालात! शाली कुटं हायत?”

“आहेराचं टॉवेल-टोपी हाय न्हवं गठ्ठ्यानं? नारळ हायत. बोलवा! आजी सरपंच, माजी सरपंच, दूध डेअरीचे चेअरमन, सगळी भावकी बोलवा!”

मग काय विचारता! त्या दिवशी सोमाटणे फाट्यावर जो सत्कार सोहळा झाला, तसा मावळानं बघितला नसेल. ज्यांना उभ्या जन्मात कुणी फूल दिलं नव्हतं, त्यांनाही टॉवेल, टोपी आणि नारळ मिळाला. माजी उपसरपंचांनी तर शुभाशीर्वादाला माइक हाती घेतला तो सोडेनात, आणि अनिता समोर उभी राहून मान डोलावत होती, “बोला भाऊ, आणखी बोला!” तेजलचे बाबा भेदरून बघत राहिले, ही वेडीबिडी झाली की काय.

पण सत्काराची माणसं संपली. नारळही संपले. गुरुजी घड्याळ दाखवू लागले. एक वाजून गेला होता आणि फाट्यावर कुणी उतरत नव्हतं. रखमाजीरावांच्या कपाळावर आठी चढली. “विहीणबाई, काय चाललंय हे? आमाला टायमाची शिस्त लावली, आणि आता आमचा नवरदेव उभा करून ठेवता व्हय? लेक द्यायची न्हाई का?”

अनितानं माइकवाल्याच्या हातातून माइक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा! दहावीला पहिली आली असती, तर कदाचित तेव्हा बोलली असती.

“सोयऱ्यांनो... नवरीचा मामा वाटंत हाय. माझा भाऊ. आईच्या मातीला आला न्हाई म्हणून मी डूख धरला. त्याला येळ चुकीची सांगितली. त्यो लेकरासारखा इश्वासानं आलाय आणि मी...” ती व्याह्यांकडं वळली. “मुहूर्त टळला तर पाप माझं. पण माझ्या तेजलला तिच्या मामाबिगर बोहल्यावर नका चढवू... पाया पडते तुमच्या!”

तिनं खरोखरच व्याह्यांपुढं पदर पसरला. रखमाजीराव बावरून मागं सरकले. मिशीवरून हात फिरवत त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “उठा, उठा! पदर कसला पसरता? येळेवर लागलेलं लगीन मी मावळात अजून बघितलेलं न्हाई, आणि आपल्यानंच सुरुवात कशाला? गुरुजी, पुढचा मुहूर्त काढा. मामा येईस्तोवर एक अक्षता पडायची न्हाई!”

आणि तेवढ्यात फाट्यावर एक टेम्पो करकचून थांबला. लोणावळ्याच्या चिक्कीचा! खोक्यांच्या मधून, घामानं थबथबलेला, पांढऱ्या कुडत्यावर गुळाचे डाग पडलेला आदिनाथ खाली उतरला. केस पिकलेले, गाल बसलेले... हा का तिचा सायकलवरचा आदू?

अनिता धावली. सगळ्या मांडवासमोर तिनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. “का सांगितलं न्हाईस? का रं सांगितलं न्हाईस मला? भांडी घासत व्हतास!”

“मावशीनं सांगितलं वाटतं,” तो कसंनुसं हसला.

“कवा उतरलास मुंबईला?”

त्यानं नजर चुकवली. “परवा.”

“परवा? मग विमानाला उशीर...”

“तेजलनं मला महिन्याखालीच सांगितलं होतं, आक्का. दुपारी बारा पस्तीस. मग तू सहा पस्तीस म्हणालीस, तेव्हाच समजलो. म्हटलं, आक्काचा राग खरा आहे. तिनं वीस तास आईला घेऊन वाट बघितली, मला एक दिवस लाजेनं उभं राहायला काय झालं? आईला दिलेला शब्द मोडत होता, ते खुपत होतं. पण तुझ्या मनाविरुद्ध मामा म्हणून कसा उभा राहू? तुझ्याच वेळेला यायचं ठरवलं... म्हणून लोणावळ्यातच थांबलो. विमान, गाडी तिथपर्यंत आणतात गं. पुढं तू बोलावल्याशिवाय येववत नव्हतं.”

सूड घ्यायला निघाली होती, आणि ज्याच्यावर घ्यायचा तो आपणहून मान खाली घालून बसला होता! अतुलनं पुढं होऊन डोक्यावरचा फेटा उतरवला आणि हलकेच आदिनाथच्या डोक्यावर ठेवला. “धर दादा. दोन वर्षं सांभाळली तुझी जागा. आता तुझी तू बघ.”

“नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं!” गुरुजींनी पुकारलं. आदिनाथ तेजलचा हात धरून आला तेव्हा मांडवातल्या एकाही बाईचा पदर कोरडा नव्हता.

पाठवणी झाली. पाहुणे पांगले. भिंतीला टेकलेल्या, थकलेल्या आदिनाथच्या समोर अनिता येऊन उभी राहिली. तिच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता.

“चल.”

“कुठं?”

“घड्याळ बघ. तुला किती वाजताचं बोलवलं व्हतं मी?”

सव्वासहा होत आले होते. ती पुढं आणि तो मागं, अशी दोघं सोमाटण्याच्या रानात आली. रतनबाईची राख अनितानं नदीत सोडली नव्हती. बांधावर खड्डा करून त्यात घातली होती आणि वर आंबा लावला होता. तो आता कमरेइतका झाला होता. गुरं घराकडं वळली होती, त्यांच्या पायांची धूळ उन्हात तरंगत होती.

“अतुलनं अग्नी दिला,” अनिता म्हणाली, “पण पाणी मी कुणाला घालू दिलं न्हाई रं. रोज मीच घालते. तुझ्या हातचं ऱ्हायलं व्हतं.”

आदिनाथनं तांब्या घेतला आणि तो गुडघ्यांवर बसला. पाणी मातीत जिरत गेलं. त्याला हुंदका फुटला, तशी ती त्याच्या शेजारी टेकली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“आई,” ती झाडाला म्हणाली, “आदू आलाय गं. येळेवर आलाय.”